पिवळी रेघ थांबते तिथे

मार्च लागला की नागपुरात आधी रस्ते बदलतात. कडुनिंबाची वाळकी पानं सायकलच्या चाकाखाली चुरचुरायला लागतात, सरकारी बंगल्यांच्या खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या चढतात आणि कामठी रोडवर भर दुपारी, समोर दोन फर्लांगांवर, कुणीतरी पाणी सांडल्यासारखं दिसतं. जवळ जावं तर ते पुढे सरकतं. लहानपणी मी त्याच्यामागे सायकल पळवली आहे. वडिलांची सायकल, नळीखालून पाय घालून. दमून परत आले की आई म्हणायची, "धावली न वं पुन्हा? ते काही हाती येते काय?"

हाती येत नाही. पण डोळ्यांना दिसतं ते खोटंही नसतं. तापलेल्या डांबराजवळची हवा उजेडाला वाकवते आणि आभाळाचा एक तुकडा रस्त्यावर आणून ठेवते. तुम्ही त्याला पाणी म्हणता, ही तुमची गोष्ट. डोळ्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं.

काल त्याच रस्त्यावर दोन मुली दिसल्या. कॅरिअरला खाकी कव्हरातल्या प्रॅक्टिकलच्या वह्या आणि तोंडाने काहीतरी घोकणं चाललेलं. एकीचे शब्द कानावर आले, "पाणी एक पॉइंट तीन तीन, काच एक पॉइंट पाच दोन." मी सायकलवरून उतरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, बाईंचं काहीतरी हरवलंय.

माझी शाळा मिशनची. मराठी बोललं तर दंड. म्हणून शाळेत कमी बोलायचे. घरी आईवडील आपल्या बोलीत बोलायचे आणि मी इंग्रजी हेलात उत्तर दिलं की शेजारपाजारचे हसायचे, "साहेबाची पोरगी बोलून राहिली पहा." म्हणून घरीही कमी बोलायचे. असं दोन्हीकडून गप्प होत होत मी कॉलेजात पोचले तेव्हा बघण्याचीच सवय उरली होती. न बोलणाऱ्या माणसाला खूप दिसतं. लॅबमध्ये तर तेवढंच काम असतं, असं मला वाटे.

लॅबमधली अंधारी खोली मला फार आवडायची. काळे पडदे, भिंतींना काळा रंग आणि मधोमध सोडियमचा दिवा. तो लावला की आधी लालसर, आजारी उजेड यायचा. मग हळूहळू पिवळा व्हायचा आणि एकदा नीट पिवळा झाला की खोलीतले बाकीचे सगळे रंग जायचे. शकूचं लाल कुंकू काळं दिसायचं, कुणाची हिरवी साडी, कुणाचा निळा शर्ट, सगळं राखेसारखं. गोरी कोण, काळी कोण, तेही कळायचं नाही. सगळे एका मातीचे. बाहेर आल्यावर ज्याचं त्याचं रंगरूप ज्याला त्याला परत मिळायचं. मला बाहेर यायची घाई कधीच नसे.

शकू माझी प्रॅक्टिकलची जोडीदारीण. कळमेश्वरहून रोज पॅसेंजरने यायची, घरी शेती, संत्र्याची थोडी झाडं. डब्यात भाकरी, कांदा आणि हंगामात दप्तराच्या तळाशी चार संत्री. ती मला मिसबाई म्हणायची.

"मिसबाई, तुले येवढी इंग्रजी येते, मंग तोंड काहून नाही उघडत?"

"मला सुचत नाही."

"अवं, मले बी नाही सुचत. मी थोडीच थांबते!"

मी तिला स्पेलिंगं सांगायचे, ती मला शब्द द्यायची. प्रिझमला लोलक म्हणतात हे तिनेच सांगितलं. 'रिफ्रॅक्शन'ला अपवर्तन. हे शब्द मला परकीय वाटायचे आणि तिला इंग्रजी शब्द. मधे ती काचेची तिधारी कांडी, दोघींना सारखीच.

त्या लॅबची एक पद्धत होती. ती कुणी शिकवली नव्हती, वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे तोंडोतोंडी येत होती. आधी उत्तर लिहायचं. काच एक पॉइंट पाच दोन. मग तिथून उलटं गणित करत मागे यायचं. एवढं उत्तर यायला उजेड किती अंश वाकला पाहिजे? एकोणचाळीसच्या आसपास. मग आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे टाकायचे, म्हणजे खरे वाटतात. याला 'रीडिंग बसवणे' म्हणत. दारात चौकट बसवावी तसं. दुर्बिणीला डोळा न लावता तीन वर्षं पास होणारी मुलं होती आणि ती वाईट मुलं नव्हती. एका उपकरणामागे पाच-सहा जण, तास संपत आलेला, शकूची गाडी सुटत आलेली. बसवायचं आणि पळायचं.

मला मात्र ती पिवळी रेघ बघायचा नाद लागला होता. दिव्याचा उजेड एका बारीक फटीतून येतो, लोलकात शिरतो, वाकून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. दुर्बिणीतून बघितलं की एक उभी, धारदार पिवळी रेघ. आता लोलक ठेवलेली चकती हळूहळू फिरवायची. रेघ एका बाजूला सरकू लागते. तुम्ही फिरवत राहा. ती सरकत सरकत मंदावते आणि एका जागी थांबते. तुम्ही त्याच दिशेने फिरवताय, हात बदललेला नाही, तरी रेघ मागे फिरते. तो थांबा म्हणजे त्या काचेतून जाताना उजेडाला कमीत कमी जेवढं वाकावंच लागतं तेवढं. त्याहून कमी तो वाकत नाही. तुम्ही काहीही करा. तो थांबा बघताना मला दर वेळी एकच वाटायचं. एवढ्या मोठ्या शहरात, एका अंधाऱ्या खोलीत, कुणाच्याही सांगण्यावरून न हलणारी एक जागा आहे.

तर त्या वर्षी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, माझी रेघ एकोणचाळीसवर थांबेना. ती एक्कावन्नवर थांबली.

मी पुन्हा केलं. एक्कावन्न. आकडेमोड केली, उत्तर एक पॉइंट सहा पाच. वही घेऊन आखरे सरांकडे गेले. आखरे सर आमचे डेमॉन्स्ट्रेटर. थंडी सरली तरी गळ्यात मफलर, दम्याचा त्रास. अक्षर मोत्यासारखं. चिडखोर नव्हते, थकलेले होते.

"चुकलंय. काचेचं एक पॉइंट पाच दोन येतं."

"सर, दोनदा केलं."

"मग दोनदा चुकलंय."

तिसऱ्यांदा करायच्या आधी मी लोलक रुमालाने पुसला. पुसताना तळहाताला जाणवलं की हा जड आहे. पेटीत पडून असलेला, कड उडाल्यामुळे कुणी न वापरणारा दुसरा, त्याच मापाचा, उचलून बघितला. तो हलका. तेव्हा मला आठवलं, दिवाळीआधी कुणाच्या तरी हातून एक लोलक पडून फुटला होता आणि सीताबर्डीच्या दुकानातून नवा आणून जुन्याच डबीत ठेवला होता. आणल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पण तो दुसऱ्या जातीच्या काचेचा असेल हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण त्यानंतर त्यातून कुणी बघितलंच नव्हतं. शिशाची भर घातलेली काच जड असते आणि उजेडाला जास्त वाकवते. पुस्तकात होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाठही केलं होतं.

तिसऱ्यांदाही एक्कावन्नच आलं. मी दोन्ही लोलक घेऊन सरांपुढे गेले. "सर, हा जड आहे."

त्यांनी हातात घेतले नाहीत. "ही फिजिक्सची लॅब आहे, भाजीचा ठेला नाही. काच म्हणजे काच. सगळ्या बॅचचं एक पॉइंट पाच दोन आलंय, तुझं एकटीचं वेगळं कसं येईल?" मग आवाज खाली आणून, "तुम्हा लोकांना फार घाई असते काहीतरी सिद्ध करायची."

तुम्हा लोकांना. ते शब्द मी ओळखते. पत्ता विचारतात, आडनाव विचारतात, मग 'अच्छा' म्हणतात, त्या अच्छामधले ते शब्द. धम्मदीक्षेच्या दिवशी मी आईच्या कडेवर होते म्हणे, मला आठवत नाही. पण ते शब्द कानाला न शिकवता कळतात.

शकू मागे उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बसव न वं. दोन आकडे तर टाकायचे हायेत. सही भेटते, मोकळी."

"मला एक्कावन्न दिसलं, शकू."

"दिसलं तं दिसलं. लिहायलेच पाहिजे काय?"

प्रश्न चांगला होता. मी घरी जाईपर्यंत त्याच्याशी भांडत होते.

आमच्या घरी दोन खोल्या आणि एका वेळी एकालाच कॉलेजात ठेवण्याची ताकद. धाकट्या भावाचं मॅट्रिक त्याच वर्षी. मी जूनमध्ये पास होऊन बाहेर पडले तर तो आत जाणार. नापास झाले तर एका कचेरीत टायपिस्टची जागा बघून ठेवली होती आणि माझं शिक्षण तिथेच संपणार होतं. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे अख्खं वर्ष नापास. आणि आमच्या घरी दुसरं वर्ष नव्हतं.

आई तव्यावर भाकर टाकत म्हणाली, "सर म्हणते थेच लिहून टाक न वं. सरापेक्षा तुले जास्त समजते काय?"

वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. दिवसभर काट्यावर गठ्ठे चढवून बघायचे. त्यांनी ताटातली भाकर संपवली आणि म्हणाले, "किती डाव पाह्यलं?"

"तीनदा."

"तिन्ही डाव तेच?"

"तेच."

"मंग?" ते हात धुवायला उठले. "आपलं कोणी असंच मानून नाही घेत, बाई. आपण मोजूनच लिहायचं असते."

आईने भाकर उलटली आणि माझ्याकडे बघितलं नाही. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती वडिलांच्या बोलण्यापेक्षा जास्त खरी होती. मला दोन्ही कळत होतं. पण त्या रात्री झोप लागली.

वहीत मी एक्कावन्न लिहिलं, एक पॉइंट सहा पाच लिहिलं. शेवटच्या दिवशी आखरे सरांनी सगळ्या वह्यांवर सह्या केल्या. माझ्या त्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'उत्तर चूक. सांगूनही दुरुस्ती नाही.' खाली सही. वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बाहेरचे परीक्षक आधी हेच पान उघडतील. मग माझ्याकडे येऊ नकोस."

मी वही घेतली. त्या पाच लाल शब्दांनी मी मोडेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. पण वही छातीशी धरून कॉरिडॉरमधून चालताना मला एक नवीनच गोष्ट कळली. आजवर मी लाजते म्हणून गप्प असते असं सगळे समजत, मीही समजत असे. आता मी गप्प होते ती मागे हटत नव्हते म्हणून. बाहेरून दोन्ही गप्प सारखेच दिसतात.

परीक्षक अमरावतीहून आले होते. बुटके, जाड चष्मा, कोटाच्या खिशात सुपारीची डबी. मला चिठ्ठीत भिंगाचा प्रयोग आला, तो नीट झाला. मग तोंडी परीक्षेला टेबलाशी बोलावलं. वह्यांचा ढीग होता. त्यांनी माझी उघडली आणि आखरे सर म्हणाले होते तसंच झालं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो, सर."

"लाल शाई वाचली?"

"वाचली, सर."

"मग बदललं का नाही?"

जो तो आपापल्या उपकरणावर वाकलेला, पण कान इकडे. इंग्रजीत उत्तर तयार होतं, शाळेतल्यासारखं सफाईदार. ते मी गिळलं.

"रीडिंग बदललं नाही, सर. म्हणून."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काचच आहे ना ती?"

मी अंधाऱ्या खोलीत गेले, दोन्ही लोलक आणले आणि त्यांच्यापुढे धरले. त्यांनी तळहात पुढे केले. मी एक डाव्या हातावर ठेवला, एक उजव्या. त्यांनी डोळे मिटले. आमचे हे परीक्षक, कोट घातलेले, बाजारात दोन सीताफळं तोलावीत तसे बसले होते. मग उजवा हात जरा खाली आला.

"हा जड आहे," ते म्हणाले.

ते उठून अंधाऱ्या खोलीत गेले. दिवा पिवळा होईपर्यंत उभे राहिले. मग वाकून, एक डोळा मिटून, चकती फिरवू लागले. मी दारात होते. त्यांचा हात एका जागी मंदावला तेव्हा मला कळलं की रेघ थांबली.

"एक्कावन्न," ते आतूनच म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण ते बाहेर आले आणि वह्यांचा ढीग जवळ ओढून एकेक उघडत गेले. "एकोणचाळीस. एकोणचाळीस. हाही एकोणचाळीस." वही मिटायचे, दुसरी उघडायचे. "लोलक तोच. मग हे कसं काय?" त्यांनी आखरे सरांकडे बघितलं. आखरे सर मफलरच्या टोकाने चष्मा पुसत होते. मग परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. माझ्या एका वाक्यावर सगळ्या बॅचचे गुण होते. शकूचेसुद्धा. आणि मला चांगलं आठवतं, दया वगैरे काही वाटली नाही. एवढंच वाटलं की हे माझं काम नाही. मला खोटं लिहायला लावलं होतं, ते मी केलं नाही. आता दुसऱ्याचं खरं माझ्याकडून वदवून घेणार असाल तर तेही मी करणार नाही.

"मी माझं मोजलं, सर. बाकीचं मला विचारू नका."

विचारू नका! परीक्षकांना! मागे कुणाचं तरी बीकर वाजलं.

आणि खिडकीजवळून आवाज आला. "सर, आमी मोजलंच नाही. उत्तरावरून मागं गेलो अन् बसवलं."

शकू. पदर खोचून, ओले हात पुसत. तिच्या शेजारचा वासुदेव दबक्या आवाजात म्हणाला, "अबे चूप!"

"तुमचं नाव?" परीक्षकांनी विचारलं.

तिने नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पंचायतीत उभं राहून सांगतात तसं. कुणी विचारलं नसतानाही तालुका सांगितला.

परीक्षक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी डबीतून सुपारीचं एक खांड काढून तोंडात टाकलं. म्हणाले, "आपापले प्रयोग संपवा. मग एकेकाने आत जायचं आणि मोजून आणायचं. जे आज माझ्यासमोर मोजाल तेवढंच धरीन. वहीतलं नाही."

मग आखरे सर उठले. त्यांनी तो लोलक उचलला, क्षणभर तसाच हातात धरला, मफलरने पुसला आणि आत नेऊन चकतीवर नीट बसवला. बाहेर यायला त्यांना वेळ लागला. त्या वर्षात दुर्बिणीला डोळा लावलेला त्यांना मी तेव्हाच, दारातून, बघितलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघत होते.

माझं वर्ष वाचलं. शकूचंही, काठावर. काहींचे त्या प्रयोगाचे गुण गेले, वासुदेवला रेघ शेवटपर्यंत सापडली नाही आणि त्याचा वर्ग खाली आला. हे सगळं जूनमध्ये कळलं. भाऊ कॉलेजात गेला. मला अजून कधीतरी कुणी विचारतं की एका आकड्यासाठी एवढं कशाला, सगळ्यांना त्रास झाला. मी समजावत बसत नाही. ज्याला खरंच कळून घ्यायचं असेल त्याने एकदा अंधाऱ्या खोलीत जाऊन चकती फिरवून बघावी. ती रेघ थांबते तिथे तुमच्या सोयीने थांबत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कुणी आवाज चढवला तरी माणूस आपल्या जागेवरून तितकासा हलत नाही. निदान मी हलले नाही.

त्या दिवशी परीक्षा संपून बाहेर आलो तेव्हा ऊन मावळतीला लागलं होतं. फाटकाजवळच्या रसवंतीत शकूने दोन ग्लास सांगितले. तिची गाडी गेली होती, पुढची तासाभराने होती.

"तू काहून बोलली?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'काहून' आला हे तिच्या आधी माझ्याच लक्षात आलं.

"मले काय माहीत! तू त्यायले म्हणली, विचारू नका. म्हटलं, मुकी पोरगी बोलून राहिली अन् मी काय धोंड्यासारखी गप बसू?" तिने एका दमात अर्धा ग्लास संपवला आणि एकदम माझा हात धरला. "पण काय वं मिसबाई, ते थांबते खरंच! मी फिरवून राहिली, फिरवून राहिली, अन् ते थांबलं न परत चाललं! तीन साल झाले, मले कोणी सांगतलं नाही!"

"मी सांगितलं होतं."

"सांगतलं असशीन. इंग्रजीत सांगतलं असशीन."

तेवढ्यात वासुदेव आणि त्याचे दोन मित्र सायकली हातात धरून फाटकातून आले. वासुदेव आमच्यापुढे थांबला. "झालं काय समाधान? तुमच्या दोघींच्या पायी आमचे मार्क गेले."

मी ग्लास खाली ठेवला. शकूने ओठावरचा फेस पदराने पुसला.

"गेले म्हणते!" ती म्हणाली. "काबे, ते तुमचे होते कवा?"